डीएलएलच्या पोटात

विंडोजवरची कुठलीही डीएलएल फाइल घ्या आणि आतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या एखाद्या साधनात उघडा. पहिले दोन आकडे ७७ आणि ९० निघतील. फाइल कुणाचीही असो, कुठल्याही वर्षातली असो, हेच दोन. ७७ म्हणजे ‘एम’ आणि ९० म्हणजे ‘झेड’. ही मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये त्यांनी चालत्या प्रोग्रामच्या फाइलचा साचा आखला आणि त्याच्या तोंडाशीच आपली खूण ठेवली. फाइल डॉट नेटची असेल तर आत गेल्यावर ६६, ८३, ७४, ६६ हे चार आकडे एकापाठोपाठ भेटतात. अक्षरांत ते होतात बी, एस, जे, बी. ब्रायन हॅरी, सुझन रॅडके-स्प्राउल, जेसन झँडर आणि बिल इव्हान्स. या चौघांनी डॉट नेटच्या फाइलची आतली मांडणी घडवली. जगभरातल्या असंख्य संगणकांवर रोज ही सहा अक्षरं उघडली जातात आणि तपासली जातात, आणि माणसांच्या नजरेस मात्र क्वचितच पडतात.

मालवणात राहणाऱ्याला हे वाचून रायगडाची पायरी आठवल्याशिवाय राहत नाही. सिंधुदुर्ग आणि रायगड या दोन्ही किल्ल्यांच्या बांधकामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर कोरलेलं आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्या काळच्या किती कागदांना वाळवी लागली, किती पाण्यात गेले, याचा हिशेब नाही. पायरीवरचं नाव टिकलं, कारण ते बांधकामाबरोबर ठेवलेलं नव्हतं, बांधकामातच होतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. बांधकामाची माहिती बांधकामाशेजारी ठेवायची की बांधकामात? डॉट नेटमध्ये त्याचं उत्तर प्रोजेक्टच्या सेटिंगमधल्या एका ओळीत देता येतं. ती ओळ काय करते, हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो, आणि आजही होतो.

सुरुवात अगदी छोट्या उदाहरणानं करू. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात बोटवाल्यांना लाद्या मोजून दिल्या जातात. त्याच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बाराव्या ओळीवर असं लिहिलंय असं समजा: एकूण बरोबर लाद्या गुणिले दर. सी-शार्प भाषेत व्हेरिएबलची नावं खरोखरच देवनागरीत देता येतात. ‘लाद्या’, ‘दर’, ‘एकूण’ ही नावं कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो. आता तो या ओळीचं काय करतो पाहा. तिच्या चार आज्ञा होतात. पहिला आकडा उचल, दुसरा उचल, गुण, उत्तर पहिल्या खणात ठेव. प्रत्येक आज्ञा एका बाइटची: २, ३, ९०, १०. संपलं. (झ्बिकोव्स्कींच्या झेडचा आकडाही ९० आणि गुणाकाराच्या आज्ञेचाही ९०. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.)

या चार बाइटांत ‘एकूण’ हा शब्द कुठे आहे? कुठेही नाही. फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या गोष्टींची नावं डीएलएलच्या मेटाडेटात राहतात, म्हणून ‘लाद्या’ आणि ‘दर’ वाचतात. पण फंक्शनच्या आत जन्मलेल्या व्हेरिएबलचं नाव डीएलएलमध्ये उरत नाही. तिथे फक्त खण क्रमांक शून्य असतो. ही ओळ बारावी होती, कुठल्या फाइलमधली होती, कितव्या अक्षरापासून सुरू होत होती, यातलंही काही उरत नाही. यंत्राला त्याची गरजच नसते. गुणाकार करण्यासाठी आपण कुठून आलो हे ठाऊक असावं लागत नाही.

गरज माणसाला पडते, आणि तीही काही बिघडलं तरच.

म्हणून कंपायलर दुसरी एक वही लिहितो. तिचं नाव पीडीबी. आजच्या डॉट नेटमध्ये ती ‘पोर्टेबल’ प्रकारची असते. डॉट नेट कोअर २०१६ साली विंडोजबाहेर, लिनक्स आणि मॅकवरही चालू लागलं, तेव्हा सगळीकडे वाचता येईल अशी ही मांडणी उपयोगी पडली. जुनी पीडीबी विंडोजच्या साधनांशी बांधलेली होती. पोर्टेबल वहीत मोजके तक्ते असतात. एकात मूळ फाइलींची नावं आणि प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे नंतर कुणी त्या फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ओळखू येईल असा ठसा. एकात स्थानिक व्हेरिएबलांची नावं. ‘एकूण’ हा शब्द इथे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट घेऊन बसलेला सापडतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि या शब्दात चार चिन्हं: ए, क, ऊकार, ण. आणखी एक तक्ता या सगळ्याचा प्राण आहे. कितव्या बाइटपासून कितवी ओळ सुरू होते, याच्या नोंदी त्यात असतात. त्यांना सिक्वेन्स पॉइंट म्हणतात.

या नोंदी लिहिण्याची काटकसर पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी पूर्ण आकडा लिहीत नाहीत, मागच्या नोंदीपेक्षा किती फरक पडला तेवढाच लिहितात. आज्ञांमध्ये चार बाइट पुढे, मजकुरात एक ओळ खाली, रकाना तोच. लहान फरक एका बाइटात मावतो, त्यामुळे साध्या एका ओळीच्या वाक्याची नोंद पाच बाइटांत उरकते. फोल्डरची नावंही तुकड्यातुकड्यांनी साठवतात. शंभर फाइली एकाच फोल्डरमधल्या असल्या तरी त्या फोल्डरचं नाव एकदाच लिहिलं जातं. काही आज्ञा कंपायलरनं स्वतःच्या सोयीसाठी घातलेल्या असतात, मूळ मजकुरात त्यांची ओळच नसते. अशा ठिकाणांना ‘लपलेली’ अशी खूण करतात, आणि वाचणाऱ्या साधनांत त्यांचा ओळ क्रमांक १,६७,०७,५६६ असा दिसतो. एवढ्या ओळींची फाइल कुणी लिहिणार नाही, या भरवशावर निवडलेला आकडा!

आता बिघाड. ऑगस्टमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू झाला, बोटी बर्फ भरून गेल्या, आणि एका संध्याकाळी कारखान्यातल्या काकांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली एकच वाक्य: “अरे, ह्या बघ काय इला.” फोटोत प्रोग्राम थांबल्याचा मजकूर होता. शून्यानं भागण्याचा प्रयत्न झाला, अमुक फंक्शनमध्ये, अमुक फाइलमध्ये, ओळ १४. चौदाव्या ओळीवर एकूण रकमेला फेऱ्यांनी भागून दर फेरीचा बर्फाचा खर्च काढलेला होता. मी विचारलं, “काका, आज कुठची बोट बर्फ घेऊन गेलीच नाही असं झालं काय?” झालं होतं. लाद्या भरून झाल्यावर बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला आणि एक बोट धक्क्यावरच राहिली. बर्फ घेतला, फेऱ्या शून्य. समुद्रातल्या वाऱ्यापासून चौदाव्या ओळीपर्यंत मी दोन मिनिटांत पोहोचलो, तेही घरबसल्या, एका फोटोवरून.

तो ओळ क्रमांक त्या मजकुरात आला कसा, हे टप्प्याटप्प्यानं पाहिलं की खरं नवल कळतं. बिघाड झाला त्या क्षणी प्रोसेसर मेमरीतल्या एका पत्त्यावरच्या, त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या आज्ञेवर होता. डीएलएलमधल्या आज्ञा प्रोसेसर थेट चालवत नाही. प्रोग्राम चालू असतानाच डॉट नेट त्यांचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतं, आणि ते करताना कुठली यंत्राज्ञा डीएलएलमधल्या कितव्या बाइटवरून आली याचा नकाशा स्वतःजवळ ठेवतं. तर पहिली पायरी: मेमरीतल्या पत्त्यावरून बाइट क्रमांक. समजा तो १४ आला. दुसरी पायरी पीडीबीची: बारावी ओळ बाइट १ पासून, तेरावी ५ पासून, चौदावी १२ पासून. म्हणजे १४ हा बाइट चौदाव्या ओळीतला. दोन तक्त्यांत दोनदा शोध आणि माणसानं लिहिलेल्या वाक्यावर बोट. दुसरी वही हाताशी नसेल तर ही साखळी अर्ध्यावर तुटते. फंक्शनचं नाव कळतं, पण फाइल आणि ओळ गायब. शंभर ओळींच्या फंक्शनमध्ये मग चाचपडत बसायचं.

आणि वही नेहमी अशीच हरवते. पीडीबी ही डीएलएलशेजारची वेगळी फाइल. लायब्ररी एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात जाते, पॅकेजमधून जाते, पेन ड्राइव्हवरून कुडाळहून मालवणात येते. प्रत्येक वेळी डीएलएलची कॉपी होते, कारण तिच्याशिवाय काही चालणारच नाही. पीडीबीशिवाय सगळं चालतं, म्हणून ती मागे राहते. राहिली नाही तर जुनी वही नव्या डीएलएलबरोबर पडते. दोघींची जोडी जुळते की नाही हे १२८ बिटांच्या एका ओळखक्रमांकावरून तपासलं जातं. तो जुळला नाही तर डिबगर वही नाकारतो, आणि ते योग्यच आहे. चुकीचा ओळ क्रमांक हा ओळ क्रमांक नसण्यापेक्षा वाईट.

यावरचा उपाय प्रोजेक्ट फाइलमधल्या ‘डिबगटाइप’ या सेटिंगमध्ये आहे. तिथे काही न लिहिल्यास आजचं डॉट नेट ‘पोर्टेबल’ धरतं आणि वेगळी फाइल काढतं. तिथे ‘एम्बेडेड’ लिहिलं की वही डीएलएलच्या पोटात जाते. व्हिज्युअल स्टुडिओ वापरत असाल तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये, बिल्डच्या पानावर ‘डिबग सिम्बॉल्स’ची यादी आहे, तिच्यातून हाच पर्याय निवडता येतो. एका सोल्यूशनमध्ये वीस प्रोजेक्ट असतील तर सगळ्यांच्या वरच्या फोल्डरमध्ये ‘डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स’ नावाची फाइल ठेवून तिच्यात ती ओळ एकदाच लिहायची. ती सगळ्यांना लागू होते.

पोटात जाते म्हणजे नेमकी कुठे जाते? डीएलएलमध्ये डिबगसंबंधी नोंदींची एक छोटी अनुक्रमणिका असते. तिच्यात १७ क्रमांकाच्या प्रकाराची एक नोंद वाढते. ती ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे ७७, ८०, ६८, ६६ असे चार आकडे: एम, पी, डी, बी. त्यानंतर वही उलगडल्यावर किती बाइटांची होईल तो आकडा, आणि मग झिप फाइलींसाठी वापरतात त्याच ‘डिफ्लेट’ पद्धतीनं आवळलेली सगळी वही. ती उलगडली की पहिले चार बाइट पुन्हा ६६, ८३, ७४, ६६. म्हणजे त्या चौघांची आद्याक्षरं अशा डीएलएलमध्ये दोनदा असतात, एकदा उघडी आणि एकदा आवळलेली. पोर्टेबल पीडीबीची मांडणी डॉट नेटच्याच मेटाडेटाच्या मांडणीवर उभी केली आहे, त्याचा हा परिणाम.

प्रोग्राम सुरळीत चालत असेपर्यंत या वहीला कुणी हात लावत नाही. ती उलगडली जात नाही, तिच्यामुळे एकही गुणाकार हळू होत नाही. फाइल तेवढी थोडी जाड होते. बिघाडाचा मजकूर तयार करायची वेळ आली तरच ती उघडली जाते. कदाचित वर्षातून एकदा, कदाचित कधीच नाही. लिहिणाऱ्यानं पुढच्या अनोळखी माणसासाठी एवढी तजवीज करून ठेवावी आणि साधन बनवणाऱ्यांनी ती एका शब्दावर आणून ठेवावी, यात मला मोठं सौजन्य दिसतं.

लिनक्सच्या जगात या गोष्टीचा प्रवास बरोबर उलटा झाला. तिथली डिबग माहितीची मांडणी ‘ड्वॉर्फ’ नावाची, १९८० च्या दशकात बेल लॅब्जच्या युनिक्सबरोबर आलेली. तिची पाचवी आवृत्ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. सी भाषेतला प्रोग्राम जीसीसी या कंपायलरला ‘जी’चा पर्याय देऊन कंपाइल केला की ही माहिती मुळातच फाइलच्या पोटात जन्मते. लिनक्सची वितरणं मग ती ‘स्ट्रिप’ करून काढतात आणि वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात, कारण सी आणि सी-प्लस-प्लसच्या प्रोग्रामांत ती मूळ प्रोग्रामापेक्षा कितीतरी मोठी होऊ शकते. म्हणजे एका जगात आतली माहिती बाहेर काढतात, दुसऱ्या जगात बाहेरची आत नेतात. दोन्ही शहाणपणाचंच, वजन वेगळं म्हणून निर्णय वेगळा.

इथे मुंबईचं नाव घ्यायलाच हवं. पोटात वही असूनही डिबगर कधीकधी व्हेरिएबलची किंमत सांगायला नकार देतो. त्याचं कारण समजून घ्यायचं तर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ संन्याल आणि बागेश्री करकरे यांनी लिहिलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथाच्या विषयात शिरावं लागतं. खेडकरांनी जीसीसीच्या अंतरंगावर आयआयटीत कार्यशाळाही घेतल्या आहेत. या शास्त्रातला एक मूळ प्रश्न असा: प्रोग्रामच्या या बिंदूवर अमुक व्हेरिएबल ‘जिवंत’ आहे का? म्हणजे त्यातली किंमत इथून पुढे कुठल्याही वाटेनं कुणी वाचणार आहे का? गंमत अशी की हे मागून पुढे नाही, पुढून मागे मोजतात. फंक्शनच्या शेवटापासून उलटं चालत यायचं. वाचलेलं दिसलं की व्हेरिएबल जिवंत, लिहिलेलं दिसलं की त्याच्या आधी मृत. फेरे, म्हणजे लूप, असतील तर उत्तर बदलायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरायचं.

कंपायलर हे गणित मांडतो आणि जे मृत आहे त्याची जागा दुसऱ्याला देतो. भागाकार उरकला की ‘एकूण’ची गरज संपली; ते ज्या रजिस्टरमध्ये होतं तिथे दुसराच आकडा येऊन बसतो. पीडीबी सांगते की इथे ‘एकूण’ नावाचं काहीतरी होतं, पण ते होतं तिथे आता ते नाही. रिलीज बिल्डमध्ये तर कंपायलर कधी खणच काढून टाकतो आणि मग नावालाही जागा उरत नाही. छोटी फंक्शनं मोठ्यांत विरघळतात आणि स्टॅक ट्रेसमधून त्यांची ओळ नाहीशी होते. डिबग माहिती ही प्रोग्राम कसा लिहिला गेला त्याची साक्ष आहे. तो चालताना किती बदलला, याची जबाबदारी ती घेऊ शकत नाही. हे ठाऊक असलं की तिच्यावर रागावायची वेळ येत नाही.

साक्ष म्हटली की ती नको तिथेही बोलते. पीडीबीत मूळ फाइलींचे पत्ते असतात, आणि डीएलएलमध्ये बहुधा पीडीबीचाही. संगणकावर फोल्डरला आपण काय नाव दिलंय, त्यात आपलं स्वतःचं नाव आहे की ग्राहकाचं, हे सगळं त्यात जाऊ शकतं. २०१० साली इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट हा प्रोग्राम उघडकीला आला, तेव्हा त्याच्या एका ड्रायव्हरमध्ये असाच एक पत्ता राहून गेलेला सापडला. फोल्डरचं नाव ‘मिर्टस’, फाइलचं ‘ग्वावा’, म्हणजे पेरू. मिर्टस ज्या कुळातली वनस्पती आहे त्याच कुळातला पेरू, आणि आपलं जांभूळही त्यातलंच. त्या दोन शब्दांवरून लिहिणारे कोण असावेत याचे तर्क जगभर चालले. २०१२ साली सौदी अराम्कोचे हजारो संगणक पुसून टाकणाऱ्या प्रोग्रामला ‘शमून’ हे नाव मिळालं तेही त्याच्या पोटातल्या पीडीबीच्या पत्त्यात त्या नावाचं फोल्डर होतं म्हणूनच. एवढी काळजी घेणारी माणसंही ही ओळ पुसायला विसरली.

आपण काही लपवाछपवी करत नसलो तरी घरचा पत्ता वाटत फिरायचं कारण नाही. ‘पाथमॅप’ या सेटिंगनं खऱ्या फोल्डरच्या जागी ठरावीक खूण घालता येते. बिल्ड सर्व्हरवर ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन बिल्ड’ची सेटिंग चालू केली आणि जोडीला सोर्स लिंक असेल तर पत्ते आपोआप तटस्थ होतात. सोर्स लिंक म्हणजे पीडीबीतली आणखी एक छोटी नोंद: ही फाइल कोड साठवलेल्या ठिकाणी नेमक्या कुठल्या आवृत्तीत मिळेल, ते सांगणारी. डॉट नेट ८ पासून ती सोय एसडीकेबरोबरच येते.

याहून पुढची पायरी म्हणजे ‘एम्बेड ऑल सोर्सेस’. ती चालू केली तर नुसते ओळ क्रमांकच नाहीत, मूळ मजकूरच वहीत जातो, आवळून, टिपांसकट. तुम्ही मराठीत लिहून ठेवलेली टीपही: बावटा लागला तर फेऱ्या शून्य येतात, भागण्याआधी तपास. दहा वर्षांनी कुणाकडे फक्त ती डीएलएल उरली तरी ती टीप त्याला वाचता येईल. खुल्या कोडच्या किंवा आपल्याच घरात वापरायच्या लायब्ररीसाठी हा पर्याय मला अतिशय मोलाचा वाटतो. ग्राहकाला कोड द्यायचा नसेल तिथे मात्र तो वापरू नये. नुसत्या एम्बेडेड पीडीबीतूनही स्थानिक नावं दिसतात हे लक्षात असू द्यावं, पण डीएलएल उघडून आतला तर्क वाचणारी साधनं पीडीबी नसतानाही सर्रास चालतात. तेव्हा फक्त लपवण्यासाठी वही फेकून देण्यात फारसा अर्थ नाही.

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल, मग ती कंपनीसाठी असो, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असो की गावातल्या सोसायटीच्या हिशेबासाठी, तर आजच प्रोजेक्ट फाइल उघडा. ‘डिबगटाइप’ शोधा, नसेल तर लिहा, आणि त्यात ‘एम्बेडेड’ घाला. बिल्ड करा, डीएलएल एकटीच दुसऱ्या फोल्डरमध्ये न्या, मुद्दाम एक चूक घडवून आणा आणि मजकुरात ओळ क्रमांक येतो का पाहा. आला तर ती लायब्ररी खुशाल कुणाच्याही हातात द्या.